गोपिकाबाईची शेवटची ओळ

आकांक्षाच्या ब्लॉगचं नाव होतं ‘गिटारवाल्या बाया’. ते ऐकून मस्तगड भागातल्या शेजारणींनी आधी नाकं मुरडली आणि मग हळूच मोबाइल काढले. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत गाणाऱ्या बायकांवर ती मराठीत लिहायची. मक्याची शेतं, पिणारा नवरा, कडेवरचं पोर, हे सगळं गिटारवर मांडणाऱ्या बाया. दिवसभर बियाण्यांच्या कंपनीत कॉम्प्युटरपुढे बसायचं आणि संध्याकाळी या बायांत रमायचं, असा तिचा नेम. आई म्हणायची, “कुठल्या कुठल्या बाया धुंडून राह्यलीस! आपली गोपिका मावशी काय कमी गाती?”

टोमणा होता, पण पटला. पुढच्याच रविवारी आकांक्षा मंठ्याच्या गाडीत बसली.

मावशीचं गाव मंठ्यापासून जवळच. मावशीचे यजमान, इंद्रभान काका, गावच्या भजनी मंडळात टाळ धरायचे. मंडळ जी रानातली, मेंढरांची गाणी गायचं, त्या प्रत्येकाच्या शेवटी त्यांचं नाव यायचं, ‘इंद्रभान म्हणे’. त्याबद्दल दर चंपाषष्ठीच्या यात्रेत काकांच्या गळ्यात हार पडायचा. एका गाण्यात ओली बाळंतीण पोर झोळीत घालून मेंढरांमागे चालते. ते ऐकून जुनीजाणती माणसं माना डोलावायची, “बाईचं मन वळखावं तर इंद्रभाननं!” पुढचा प्रश्न विचारायचं कुणालाच सुचलं नाही. आता काय बोलावं या गावाला!

मावशीने अंगणात कापसाच्या ढिगाशेजारी बसून तेच गाणं म्हटलं. आवाज उन्हात रापलेला, पण खणखणीत. आकांक्षाच्या अंगावर काटा आला. शेवटच्या ओळीपाशी मात्र मावशी थांबली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली, “झालं गं.” दुसऱ्या गाण्यालाही तेच आणि तिसऱ्यालाही तेच. घरी येऊन आकांक्षाने भरभरून लिहिलं आणि शेवटी मोठ्या मायेने जोडलं, ‘इंद्रभान काकांची ही गाणी मावशी फार गोड गाते. वयामुळे बिचारी शेवटची ओळ तेवढी विसरते.’

लेख गावच्या ग्रुपवर फिरला आणि मावशीचा फोन आला. एरवी ती फोन करायची ती लग्नाचं कुठवर आलं ते विचारायला. आज सूर निराळा होता.

“मी इसरते व्हय गं?”

“मग शेवटची ओळ सोडून का देतेस?”

“ह्यांचं नाव हाय तिथं. नवऱ्याचं नाव कशी घेऊ?”

“उखाण्यात घेतेस की!”

“उखाणा बायाबायांत असतो, हळदी-कुंकवाला. टाळ-मृदंगावर, बाप्या माणसांपुढं नवऱ्याचं नाव गात्यात व्हय? मी तर कधीच न्हाई घेतलं.”

“बरं, चुकलं माझं. पण गाणं काकांचं आहे, तर...”

मावशीने तिला मधेच तोडलं, “तुझ्या काकांनी मेंढरांमागं बाळंतपण काढल्तं का?”

“म्हणजे गाणी तुझी आहेत?” आकांक्षाने विचारलं.

“माझं नाव घातलं असतं, तर मंडळानं गायलं असतं का ते? गाणं जगावं म्हून ह्यांचं घातलं. ते बी तोंडानं न्हाई. ‘हितं तुमचं घाला’ मी म्हणले, त्यांनी घातलं. पण आता वाटून राह्यलं, मरायच्या आधी गावानं एकदा म्हणावं, गाणं गोपिकाचं हाय. बस, बाकी काय न्हाई.”

आकांक्षाला स्वतःची लाज वाटली. गाणं बायकोचं आणि नाव दुसऱ्याचं, असल्या परदेशी अन्यायावर तिने तावातावाने लेख पाडले होते. आणि सख्ख्या मावशीला तिनेच विसरभोळी ठरवलं होतं! त्याच संध्याकाळी तिने नवा लेख टाकला, ‘मी चुकले. ही गाणी गोपिकाबाईंची आहेत.’

गावात एकच गलका झाला. मंडळाचा पेटीवाला सुग्रीव, स्वतःला मोठा गवई समजणारा, त्याने ग्रुपवर लिहिलं, ‘गाणं तिचं असंल, तर यात्रेत सगळ्यांपुढं शेवटपर्यंत गाऊन दाखवावं.’ डाव सरळ होता. मावशीने नवऱ्याचं नाव घेतलं तर चारचौघांत शोभा होणार, नाही घेतलं तर गाणं तिचं नाही असं ठरणार. इंद्रभान काकांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. गाणी माझी, असं ते कधी बोलले नव्हते, पण गळ्यातला हारही त्यांनी कधी परत केला नव्हता. फोन उशाशी ठेवून ते मुकाट्याने मेंढरांकडे निघून गेले.

यात्रेच्या दिवशी आकांक्षाने मावशीला कोपऱ्यात गाठलं. “शेवटच्या ओळीला काय करणार आहेस?”

“तू फोन बराबर धर. बाकीचं माझ्याकडं.”

जेवणाच्या पंगती उठल्या आणि मंडपात सतरंजी पडली. पुढे टाळकरी, मागे डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. मावशी मधे येऊन बसली तेव्हा सुग्रीवने गालात हसत पेटी ओढली. मावशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

“ओल्या अंगानं निघाले, मेंढरांच्या मागं,
झोळीत लेक माझी, उन्हात तिला जाग...”

टाळकऱ्यांनी सवयीने ओळ झेलली. पुढचं कडवं, त्याच्या पुढचं कडवं. मंडपातली कुजबुज कधी थांबली ते कळलंच नाही. एका म्हातारीने डोळ्यांना पदर लावला. गाणं शेवटाकडे आलं तशी आकांक्षा फोन धरून पुढे सरकली.

“सराटा रुतला पायी, धुकं पुढं दाट...”

मावशीने श्वास घेतला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान वर करून गायलं,

“गोपिका म्हणे गं सखे, अजून लांब वाट!”

सुग्रीवचं बोट पेटीच्या एका पट्टीवरच अडकलं. मंडळाची रीत अशी की शेवटची ओळ टाळकऱ्यांनी उचलायची, नाही उचलली तर गाणं पडलं म्हणायचं. टाळकरी एकमेकांची तोंडं पाहत राहिले. मावशी वाट पाहत होती. तिची नजर खाली गेली नाही.

तेवढ्यात एक टाळ वाजला. इंद्रभान काका गुडघ्यांवर उठून बसले होते. बायकोला जन्मभर ‘अगं ए’ म्हणून हाक मारणाऱ्या त्या माणसाने डोळे मिटले आणि भर मंडपात, फाटक्या आवाजात ओळ उचलली,

“गोपिका म्हणे गं सखे...”

मागून बायांच्या सुरांचा लोंढा आला. तो आला तसे टाळकरीही सुटले, मृदंग सुटला, सुग्रीवला झक मारत पेटी धरावी लागली. आकांक्षा रडत होती, हसत होती, आणि फोन तेवढा बराबर धरून होती. मावशीने गालावरचं पाणी पुसलं नाही. तिने तीच ओळ पुन्हा घेतली, आधीपेक्षा चढ्या सुरात, आणि सगळं गाव तिच्या मागे गायला लागलं.