पडता येणारा अडथळा

मित्रांनो, लोकांच्या वाटेत उभं राहणं हाच ज्याचा धंदा, असा मी शर्यतीत उडी मारून ओलांडायचा एक जुना लाकडी अडथळा आहे. टेक्सासमधल्या मार्लो क्रीक गावच्या शाळेत, सुतारकामाच्या तासाला माझा जन्म झाला. आम्ही दहा भावंडं, त्यात मी नववा. मला बनवणारा मुलगा त्या वर्षी सुतारकामात नापास झाला, तो भाग वेगळा.

आमच्या कुळाची एक खोच आधी सांगतो. आमचे पाय एकाच बाजूला पुढे आलेले असतात. धावणारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला पाय ठेवले, तर धक्का लागताच मी मुकाट्याने कोसळतो आणि पोर वाचतं. उलटा ठेवलात, तर मी हलत नाही. पोराची नडगी हलते.

लेव्हॉन टिब्स मैदानावर आला तेव्हा पंधरा वर्षांचा होता, आणि बहुतेक सगळा पायच होता. पहिल्या महिन्यात त्याने मला चाळीस वेळा तरी पाडलं. कोच प्रूइट कुंपणाला टेकून ओरडायचे, "लेव्हॉन, त्याच्यावरून जायचंय, त्याच्यातून नाही!" पण एक होतं. दर वेळी पोरगा मागे येऊन मला उचलायचा, धूळ झटकायचा आणि उभं करायचा.

दोन अडथळ्यांमध्ये तीन पावलं आणि नजर पुढच्या अडथळ्यावर, हे एकदा अंगात भिनलं आणि तो मला शिवेना. राज्यात पहिला आला, कॉलेजात गेला. मला अभिमान वाटला आणि, खरं सांगतो, जरा चुकल्याचुकल्यासारखंही झालं.

मग फुटबॉल आला. आमच्याकडचा फुटबॉल हाताने खेळतात. पायाने खेळायचा तो दुसरा, त्याला मार्लो क्रीकमध्ये कोणी विचारत नाही. लांबून फेकलेला चेंडू धावताधावता झेलायचा आणि पळत सुटायचं, हे लेव्हॉनचं काम. पळत तो सुटायचाच. चेंडू मागे राहायचा.

कॉलेज संपवून तो गावी परतला, आणि शनिवारी एका व्यावसायिक संघाचा माणूस त्याला पाहायला येणार होता. पसंत पडला तर संघात. नाही तर सोमवारपासून लाकूडगिरणीत, वडिलांच्या शेजारी. गिरणीबद्दल मी काही बोलत नाही. माझे सगळे नातेवाईक तिथेच गेले.

बुधवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर त्याची थोरली बहीण ओडेसा चेंडू फेकत होती. सहा फेकले, सहा सुटले.

"हात आहेत की चाळण?" ओडेसा म्हणाली. "आईने अख्ख्या चर्चला सांगून ठेवलंय. तू माती खाल्लीस तर रविवारी मला गाताना तोंड वर करता येणार नाही."

"मग निदान चर्चचं तरी भलं होईल," लेव्हॉन म्हणाला. पण त्याचा आवाज रडवेला होता.

कोच प्रूइट कुंपण सोडून पुढे आले. मग म्हणाले, "चेंडू हातात यायच्या आधीच तू पुढे बघतोस. तुझे डोळे पुढचा अडथळा शोधतायत. तिथे अडथळा नाहीये, बाळा." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ओडेसा, तो आण इकडे."

तिने मला आणून ठेवलं, आणि कोच आपले दुखरे गुडघे विसरून धावले. "अगं उलटा! उलटा ठेवलायस! तंगडी मोडायचीय का भावाची?" मला सुलटा करून ते लेव्हॉनकडे वळले. "ह्याच्यावरून उडी, आणि वरच्या वर झेल. बघायचं फक्त चेंडूकडे."

"न बघता उडी? पडेन की!"

"पड. तोही पडेल, त्याला पडता येतं. सहा वर्षं इथे उभा आहे, आजच कुठे पळून जाणार आहे?"

मित्रांनो, अकरा वेळा आम्ही दोघं पडलो. माझी फळी तडकली, त्याचे गुडघे सोलले. अकराही वेळा त्याने आधी मला उभं केलं. बाराव्या खेपेला त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो वरून गेला, आणि चेंडू त्याच्या हातात होता. ओडेसाने भावाला मिठी मारली, हा त्या संध्याकाळचा दुसरा चमत्कार.

शनिवारी त्याने दहापैकी नऊ झेलले. दहावा वाऱ्याने गेला असं ओडेसा म्हणते. ओडेसाने वाकडा फेकला असं लेव्हॉन म्हणतो.

तो नऊ वर्षं खेळला. इकडे लोखंडी अडथळे आले आणि मी कोठीत गेलो. अंगावर रंगाचे डबे आले, एका कोंबडीने माझ्याखाली संसारही केला. पण शिपायाच्या रेडिओवर निवेदक ओरडायचा, "टिब्स असा उडाला, जणू मध्ये अडथळाच होता!" जणू कसलं? होताच. त्या एका वाक्यावर मी कितीतरी हिवाळे काढले.

खेळ संपल्यावर लेव्हॉन परत आला तो ह्याच शाळेचा कोच होऊन. पहिल्याच दिवशी त्याने कोठी उघडली, डबे उतरवले आणि माझ्या तडकलेल्या फळीवरून हात फिरवला. "अजून उभा आहेस होय रे?" एवढंच म्हणाला. दोन मुली मला मैदानावर घेऊन गेल्या, आणि मागून आपले दुखरे गुडघे विसरून तो धावत आला. "अगं उलटा! उलटा ठेवलायत!"

तर मित्रांनो, वस्तूंना रंग द्या, पावसात टाकू नका, हे मीही सांगतो. पण माझं मागणं त्याहून लहान आहे. मला सुलटा ठेवा, म्हणजे मला पडता येईल. आणि पडलो की परत येऊन उचला. लेव्हॉन उचलायचा.