दोन शिंगांची डबी आणि भुरी म्हैस

मित्रांनो, रनाळ्याच्या शोभाबाईंच्या ओसरीत घड्याळाखालच्या फळीवर बसलेली जुनी वायफायची डबी, ती मी. रंग पिवळा पडलाय, एक अँटेना चिकटपट्टीच्या आधारावर उभी आहे. पण या घरात माझ्यावाचून पान हलत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. खोक्यात अंधार होता, एवढंच. शोभाबाईंचा मुलगा नवनीत सुरतेला नोकरीला. त्याने मला बसमधून मांडीवर घेऊन आणलं. बाईंनी मला उलटीपालटी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "दोन शिंगं शेतस, पन दूध काही देत नई." सगळं घर हसलं. तो टोमणा मी गाठीला बांधून ठेवलाय.

शाळा मी शिकले नाही. आकडे तेवढे येतात आणि तेवढ्यावरच कारभार चालवते. फोन असो की टीव्ही, माझ्याकडे आला की त्याला मी एक पत्ता देते, पंगतीत पाट द्यावा तसा. पहिला पाट माझा, दुसऱ्यापासून बाकीच्यांचे. कोणाला काही वाढायचं तर पाटाचा आकडा ठाऊक हवा, नाहीतर खीर एकाची आणि भुरका मारतो दुसरा. शहाणी माणसं या पत्त्याला आयपी म्हणतात. म्हणू देत.

माझं दार ज्याने उघडतं तो माझा आकडा पोटावरच्या कागदावर छापलेला होता. खंडेनवमीला बाईंनी कोयता, विळा, मिक्सर यांच्या रांगेत मलाही बसवलं. माझ्या लुकलुकत्या दिव्यांवर कुंकू सांडायला नको म्हणून मला उलटी केली आणि पोटावर हळदकुंकवाची बोटं ओढली. वर ओल्या फडक्याने पुसलंही. मान मिळाला, आकडा गेला. नंतर कोणी चौकशी केली नाही. उलट माझ्यावर टॉवेल वाळत पडू लागले.

मग गोठ्याच्या ओल्या फरशीवर बाईंचा पाय मोडला. प्लास्टर चढलं, खाट ओसरीत आली. सुरतेहून सून रूपा आली. आणि घोर लागला तो भुरी म्हशीचा. भुरी गाभण होती आणि स्वभावाने भारी लाजरी. बाई सोडून दुसरं माणूस दिसलं की येणाऱ्या कळा गिळून घेते. मागच्या वेळी बाई लग्नाला गेल्या होत्या, शेजारी जमले, आणि पारडू पोटातच गेलं. म्हणून नवनीतने गोठ्यात कॅमेरा लावून दिला. त्याचा पत्ता बाईंच्या फोनात भरला. शेवटचा आकडा दोन. बाई खाटेवरून भुरीला बघत राहायच्या.

खरं सांगू? भुरीला मी कधी पाहिलं नव्हतं. तिचं चित्र रोज माझ्यातून जायचं, पण पोस्टमन काय पाकीट फोडून वाचतो? ती कशी असेल, याचं मला फार कुतूहल होतं.

एका दुपारी भुरीने चारा सोडला, ती उठबस करू लागली. नेमकी तेव्हा लाइट गेली आणि थोड्या वेळाने आली. लाइट गेली की कोणाला कोणता पाट दिला, ती आठवण पुसली जाते. मग जो आधी दार वाजवेल त्याला पुढचा पाट. त्या दिवशी टीव्हीने घाई केली आणि दोन नंबर बळकावला. बाईंचा फोन भुरीला दोनवरच शोधत राहिला, त्यात नुसता अंधार.

"चुल्हामा घाल ते डबडं," बाई म्हणाल्या.

रूपाने मागच्या दारातून डोकावून पाहिलं. "आत्याबाई, कॅमेराना दिवा चालू शे. पत्ता बदलना व्हई."

"म्हैस खुटाले बांधेल शे. पत्ता कसा बदलना?"

"म्हशीना नई, कॅमेराना."

नवनीत फोन उचलेना. रूपाने मला उलटी केली. पोटावर नुसतं कुंकू. बाईंनी गुपचूप मान वळवली. मग रूपाने आपल्या फोनच्या वायफायमध्ये खोल जाऊन माझा आकडा शोधला, तो टाकून माझं दार उघडलं. परवलीचा शब्द म्हशीचंच नाव. आत माझी पंगत बसलेली. पण नावं अशी की देवालाही वाचता येऊ नयेत. कॅमेरा यातला कोणता?

बाई आता कोपरावर उठल्या होत्या. "टीव्ही बंद कर. कोन उठनं ते दख."

टीव्ही बंद झाला, दोन उठला. बाईंच्या फोनचं वायफाय बंद केलं, चार उठला. रूपाचा फोन तीन, ते तिला दिसतच होतं. पाचवर जो बसून राहिला, तोच कॅमेरा. बाईंच्या फोनचं वायफाय परत लावून त्यात पाच टाकला आणि चित्र आलं.

त्यात काय दिसलं ते मला बाईंच्या ओरडण्यावरून कळलं: भुरी भिंतीला ढुंगण लावून आडवी पडलेली. पारडाचे दोन खूर बाहेर आलेले, पुढे यायला जागाच नाही.

रूपा धावणार, तोच बाईंनी तिचा हात धरला. खुंटीवरचं आपलं वापरातलं लुगडं दाखवलं. "हाई गुंडाय आंगले. आनि तोंड उघडू नको. तुन्हा आवाज सुरतना शे."

म्हैस वासावरून ओळखते, मित्रांनो, जशी मी आकड्यावरून. लुगड्यातली रूपा गोठ्यात गेली. तिथलं तिने मागाहून सांगितलं ते असं. भुरीने हुंगलं, आणि कळ गिळली नाही. रूपाने तिला रेटून भिंतीपासून फिरवलं. इकडे बाई फोन डोळ्यांशी धरून बसल्या होत्या. मीसुद्धा एकही चित्र अडकू दिलं नाही. मग बाईंनी फोन उशीवर ठेवला आणि डोळ्यांना पदर लावला. तेव्हा मला कळलं, पारडू जिवंत आहे.

संध्याकाळी रूपाने दोन नंबरचा पाट कॅमेऱ्याच्या नावावर कायमचा राखून ठेवला. टीव्ही आला की आता पुढच्या पाटावर सरकतो. माझा आकडा तिने भिंतीवर कोळशाने लिहिला. बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "शिंगं काही फुकट नई शेतस."

तुमच्याही घरात एखादी डबी असेल. तिला जरूर ओवाळा, पण कुंकू पोटावर नको. टॉवेल वाळत घालायला दोरी असते. आणि ज्याच्यावाचून जीव अडतो, त्याची जागा लाइट जायच्या आधीच पक्की करा.

परवा रूपा पारडाला बाईंना दाखवायला ओसरीत घेऊन आली. थरथरते पाय, ओलं नाक. त्याने माझी लोंबती वायर चाटली. दारात आलेल्याला पत्ता द्यायचा, ही माझी रीत आहे. याला कोणता आकडा द्यावा, ते मला अजून सुचलेलं नाही.