डाव्या पायाचं काम

नांदेडच्या डीलरकडे एकाच मॉडेलच्या दोन जुन्या गाड्या होत्या. दोन्ही दोनशे तीस हॉर्सपॉवरच्या. एक गिअरची, दुसरी ऑटोमॅटिक. कोणती घ्यायची ते माझ्या नवऱ्याला, कुलदीपना, रविवारपर्यंत डीलरला कळवायचं होतं, आणि घरात इंग्रजी वाचता येणारी मीच. म्हणून त्यांच्या मोबाइलवरची गाड्यांची माहिती मी आमच्या लेकीला, चिमीला, पाजता पाजता वाचून सांगत होते.

मला ऑटोमॅटिक हवी होती. का, ते मी बोलले नव्हते.

माझा डावा घोटा वळत नाही. सातवीत असताना ट्रॉलीखाली आला. चालते बरी, पण क्लच दाबायचा म्हटलं तर पाऊल फळीसारखं ताठ. आणि गेल्या पौषात चिमीला तापात झटका आला तेव्हा कुलदीप ऊस वाहायला कारखान्यावर होते. तांड्यावरच्या दोन्ही जिपा सेनगावच्या बाजाराला गेलेल्या. फाट्यावर पाऊण तास उभी होते. तिचे डोळे वर गेलेले, मुठी आवळलेल्या. त्या इवल्या मुठीत मी माझं बोट घालायला बघत होते, आणि ते जात नव्हतं. दिवाळीनंतर कुलदीप पुन्हा जाणार. गाडी मात्र दारात राहणार.

मी गाडीच्याच भल्याचं बोलत राहिले. हातात गिअर नसला तर ती गाडी कशाची, पाळण्यात बसल्यागत, असं कुलदीपचं म्हणणं. मी म्हटलं, एवढ्या ताकदीच्या गाडीत हातानं गिअर बदलेपर्यंत जोर तुटतो, ऑटोमॅटिकमध्ये तुटत नाही. पुढं तुम्ही हौसेनं इंजिनाची ताकद तीनशेवर नेणार, तेव्हा गिअरच्या गाडीला साधा क्लच टिकणार नाही, दाबायला जड असतो तसला टाकावा लागेल. ऑटोमॅटिक बिघडली तर दुरुस्तीला नांदेड गाठावं लागेल, हेही सांगितलं. लपवलं नाही.

“म्हंजी पळायला ऑटोमॅटिकच पुढं?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

ते विचारात पडले. जिवनबाई, माझ्या सासूबाई, सुपात तूर निवडत होत्या. त्यांना आम्ही याडी म्हणतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, मग त्या गाडीत पायानं करायचं तरी काय.

जिंकत आल्याच्या आनंदात मी बोलून गेले, “काहीच न्हाई याडी. डाव्या पायाला तर कामच न्हाई.”

सूप थांबलं. याडीनं माझ्या घोट्याकडं बघितलं.

“मंग हिला बी चालवता येईल की,” त्या हसून म्हणाल्या. “भाकरी तव्यावर अन् सूनबाई हिंगोलीत.”

कुलदीपही हसले. मग त्यांचं हसू विरलं. माझ्या हातातला मोबाइल घेऊन त्यांनी बंद केला.

“एवढं ऑटोमॅटिक ऑटोमॅटिक काहून करून राहिली, ते आत्ता कळालं.”

“लेकरासाठी,” मी म्हटलं. “पौषातलं आठवा.”

“मी हाय ना.”

“तवा नव्हता तुमी.”

ते उठून बाहेर गेले. याडी पुन्हा तूर निवडू लागल्या. चिमी दूध सोडून माझ्याकडं टुकूटुकू बघत होती.

पुढच्या रविवारी गिअरची गाडी आली. तीनशेची तयारी म्हणून येतानाच जड क्लच बसवून आणला होता. मीच वाचून सांगितलेला.

चावी दाराजवळच्या खिळ्याला असते. दुपारी ते रानात जातात, याडीचा डोळा लागतो. तेवढ्यात मी चिमीला शेजारच्या सीटवर उशीत नीट निजवते आणि ड्रायव्हरच्या जागी बसते. गाडी चालू करत नाही. दोन्ही हात स्टिअरिंगला, श्वास धरायचा, आणि घोटा वळत नाही म्हणून मांडीपासून सगळा पाय क्लचवर लोटायचा. चिमी झोपेत ओठ हलवते. तिच्या मुठी उघड्या असतात.

काल क्लच दोन बोटं गेला. आजही दोनच.

दिवाळीला सव्वादोन महिने आहेत.