तार काढल्यावरही हिरवं

अंगद हुशार गडी, यात वाद न्हाई. पण स्वतःच्या कामावर भारी फिदा. जालन्यातल्या एका छोट्या कारखान्यात त्यानं शीतगृहाच्या पेटीसाठी ड्रायव्हर लिहिला होता. ड्रायव्हर म्हणजे निरोप्या प्रोग्रॅम: किती गार ठेवायचं तो आकडा तारांवरून गारवा सांभाळणाऱ्या चिपमध्ये लिहायचा अन् परत वाचून आणायचा. पेटी आजच त्याच्या गावी, धावड्याला नेऊन बसवायची होती. तिथं त्याच्या वडलांनी, तातेरावांनी, गावाचं मिरचीचं बियाणं गोळा करून ठेवलेलं. जीप दारात उभी होती.

तपासणी पलककडे. मारवाडी घरातली, तोलूनमापून बोलणारी. तिनं आकडे लिहिले, परत वाचले. सगळे जुळले. संगणकाचा पडदा हिरवागार!

"झालं की, ताई! निघू मंग?"

पलकनं चिपची तार उपसली अन् तपासणी पुन्हा चालवली. पुन्हा हिरवं!

"अंगद, चिप जोडलेलीच न्हाई. मंग हा आकडा कोण वाचून राह्यलं?"

अंगदनं आपला कोड उघडून पाहिला. त्याचा ड्रायव्हर चिपला विचारतच नव्हता. आपण लिहिलेलं लक्षात ठेवून तेच परत सांगत होता. चोरालाच साक्षीला उभं केलेलं! आधी राग आला तिचा, मंग स्वतःचा.

त्यानं कोड बदलला, थेट चिपलाच विचारायला लावलं, तार जोडली. पडदा लालभडक. चिपनं त्याचा एकही आकडा कधी घेतलाच नव्हता! लिहिण्याआधी कोडमधून तिचं कुलूप उघडावं लागतं, तेच राहून गेल्तं.

"बाप रे! ताई, सलाम तुमच्या डोक्याला. तार काढून बघायचं मला सात जन्मांत सुचलं नसतं."

"सलाम नंतर. आधी घरी फोन लाव, जल्दी."

तातेराव कडाडलेच. "अंगद्या, माणसं जमून राह्यलीत. कुठं अडकला?"

"आबा, पेटी आज येत न्हाई, बियाणं हाय तिथंच राहू द्या. पेटी खोटं बोलत होती. आमच्या पलकताईंनी पकडली."

"अन् तिच्यात बियाणं ठेवलं असतं तर?"

"आकडा बराबर दिसला असता. गार काहीच झालं नसतं."

"गरमीनं मेलेलं बियाणं दिसायला जित्त्यावानीच असतंय, लेका," आबा म्हणाले. "पेरल्यावर कळलं असतं. साऱ्या गावाला. त्या ताईला फोन दे."

अंगदनं फोन पलकच्या हातात दिला.