बाटली तीच, औषध दुसरं

मी एक जुनी प्लास्टिकची बाटली आहे, मित्रांनो. खोकल्याच्या औषधाची. कारखान्यात अंगावर नवंकोरं लेबल चिकटलं, तेव्हा मी किती मिरवले! दीक्षाचा खोकला थांबला तशी तिची आई मैना म्हणाली, "लय गुणाचं औषध हाय." मग मी रिकामी झाले. आमच्या अमरावतीकडे धड बाटली कोणी फेकत नाही. मैनाने मला धुऊन ठेवलं.

सात वर्षांच्या दीक्षाला फिट येतात. त्यावरचं औषध रोज दोनदा, न चुकता. यंदा तिचे बाबा, अनुप, वस्तीतल्या मंडळींसोबत बसने तिला लुंबिनीला, म्हणजे थेट नेपाळात नेणार होते. मैनाला रजा मिळाली नाही. "काचेची बाटली फुटून जाईन," म्हणत तिने ते फिटचं औषध माझ्यात ओतलं. "दोन्ही टाइम पाच-पाच एमएल. भुलू नका बरं!" लेबल काढायचं मात्र राहिलं. कोणत्या तोंडाने तिला दोष देऊ?

लुंबिनीत माझं झाकण ढिलं झालं आणि सगळं औषध पिशवीत सांडलं. अनुप घाबरला. मला घेऊन तडक तिथल्या मेडिकलवर गेला. "भैया, यहीच दवा देना." दुकानदाराने माझं लेबल वाचलं आणि तसलीच नवी बाटली काढून दिली. परक्या देशात इतक्या चटकन औषध मिळालं म्हणून अनुप खूश! तो शिकलेला आहे हो. पण घरच्या बाटलीवर काय लिहिलंय, हे कोण वाचतं? मी आतल्या आत ओरडत होते, अरे, ते नको! माझं कोण ऐकणार?

संध्याकाळी दीक्षाने विचारलं, "बाबा, आज औषध गोड कावून लागून राहिलं?"

"बरं झालं ना मंग! आज नखरे नाई केले तू," अनुप हसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दीक्षाला फिट आली. थांबेचना. दवाखान्यात डॉक्टरांनी चालू औषध विचारलं. अनुपने दोन्ही बाटल्या पुढे केल्या.

"ये तो खांसी की दवा है."

त्याने तिथूनच मैनाला फोन लावला. "मैना, बाटली तं तेच आणली ना वं मी!"

ती म्हणाली, "बाटली तेच होती. औषध ते नोतं."

दीक्षा वाचली. पण उजवा हात अजून उचलता येत नाही, शब्द अडकतात. दिवसभर चुरुचुरु बोलणारी पोर, आता तिला 'आई' म्हणायलाही वेळ लागतो. डॉक्टर म्हणतात, बघू. तेवढंच म्हणतात. अनुप आता प्रत्येक औषध दोनदा वाचून देतो. मैना रोज मला हातात घेते, लेबल वाचते आणि रडते. कारखान्यातच तडकले असते तर बरं झालं असतं, असं वाटतं मला.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा. मी उलटं सांगते. मी रिकामी झाले की मला टाकून द्या. गावाला जाताना लेकराचं औषध त्याच्याच बाटलीत न्या, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. आणि कधी अमरावतीला आलात, तर आमच्या मैनाला एवढं सांगा. म्हणावं, बाई, फेक आता तिला.