मागून येणारी चव

“बोलू नका. आधी चावा, मग गिळा, मग थांबा,” बायको म्हणाली.

मी चावलं, गिळलं आणि थांबलो. टेबलापलीकडून ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. ओट्यावर दूध उतू जायच्या बेतात होतं, पण तिचं लक्ष नव्हतं. एरवी माझ्यामुळे दूध उतू गेलं असतं तर मला आठवडाभर ऐकावं लागलं असतं.

“गोड आहे,” मी म्हणालो.

“ते पुढचं झालं. मागून काय येतंय?”

“मागूनही गोडच.”

“कडू? थोडंसंही? घशापाशी?”

“अजिबात नाही.”

तिने टाळी वाजवली. खरोखर वाजवली. मग दूध उतू गेलं, ते तिने पुसलं, आणि पुसता पुसता म्हणाली, “जमलं हो! कडू गेलं त्यातलं. आज पास करून टाकते.”

माझ्या बायकोच्या पोटात काही राहत नाही, पण तिच्या जिभेची गोष्ट वेगळी. आरोग्याला बरे म्हणून जे पदार्थ मिळतात, त्यांच्या एका लहानशा कारखान्यात ती चव तपासते. तिथे तिला सगळे ‘जीभ’ म्हणतात. “जीभ आली का?” “जिभेला विचारा.” नवरा म्हणून मला हे ऐकायला सुरुवातीला जड गेलं, कारण घरी मी तेच मनातल्या मनात म्हणायचो आणि माझा अर्थ निराळा होता.

त्या जिभेचे नखरे मी लग्नापासून सोसतोय. कामावर जायच्या आधी कांदा नाही, लसूण नाही, कॉफी नाही. घरात अत्तर नाही, वासाचं तेल नाही. कारखान्यात ती एका अरुंद खोलीत बसते. तिथे लाल दिवा असतो, म्हणजे पदार्थाचा रंग कळू नये. समोरच्या झडपेतून बशी आत येते. तिच्यावर नाव नसतं, नुसता आकडा. ती एक घास घेते, तोंडात फिरवते, थुंकते, कोमट पाणी घेते, पुन्हा दुसरी बशी. संध्याकाळी घरी येते आणि मी प्रेमाने केलेली भाजी खाऊन सांगते, “मीठ शेवटी घातलंत ना?” अशा माणसाबरोबर खोटं बोलायची सोय नसते.

मग मला मधुमेह निघाला. मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढतो. दिवसभर ‘हे स्पष्ट की ते?’ विचारायचं आणि मधल्या वेळेत गोड काहीतरी तोंडात टाकायचं, एवढंच माझं आयुष्य. डॉक्टरांनी त्यातलं अर्धं काढून घेतलं. मी तोंड पाडून बसायला लागलो. बायको आधी रागावली, मग समजूत घालून थकली, आणि मग एक दिवस कारखान्याच्या मालकीणबाईंकडे जाऊन म्हणाली, “बिनसाखरेचं बिस्किट करू या. रसायनाचं नको. झाडाचं.”

झाड म्हणजे स्टीव्हिया. त्याची पानं चावली तर साखरेपेक्षा कितीतरी पट गोड लागतात. त्या पानांचा शुद्ध केलेला अर्क चिमूटभर घातला तरी पुरतो, आणि त्याने रक्तातली साखर वाढत नाही. फक्त एक खोड आहे. गोडाच्या मागून, सावकाश, एक कडू चव येते. ती घालवायला माझी बायको कित्येक महिने भिडली होती. अर्क बदलला, पीठ बदललं, भाजायची आच बदलली. घरातली साखर तर तिने केव्हाच हद्दपार केली. चहात पानाचा अर्क, दुधात पानाचा अर्क, आणि रोज संध्याकाळी चहाबरोबर आम्हा दोघांना नवीन भट्टीतलं बिस्किट. मालकीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, “तुम्ही पास म्हणालात की लगेच वेष्टनांची छपाई. माझा तुमच्या जिभेवर विश्वास आहे.” नवा पदार्थ तिच्या एका शब्दावर बाजारात जायचा, आणि या बिस्किटासाठी तर तिचा जीव टांगणीला लागला होता.

पहिला डबा घरी आला तेव्हा मी काय पराक्रम केला तेही सांगतो. साखर नाही म्हटल्यावर मी एका बैठकीत अख्खा डबा संपवला. दुसऱ्या दिवशी रक्तातली साखर बघितली आणि बायकोने कपाळाला हात लावला.

“पानात साखर नाही म्हणाले मी. पिठात काय, हवा आहे? दोन खायची. दोन!”

तेव्हापासून मी दोनच खातो. पण काय सांगू, ती दोन बिस्किटं मला दिवसभर पुरायची. संध्याकाळची वाट बघायला काहीतरी होतं.

तर त्या दिवशी तिने बिस्किट पास केलं, आणि पुढच्या आठवड्यात कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत आसपासच्या लोकांना बोलावलं. छपाईआधी लोकांचं तोंड गोड करायचं म्हणून. बहुतेक सगळे माझ्यासारखेच, साखर बंद झालेले. मी दुकानातून सुट्टी काढून गेलो. बायकोने ठेवणीतली साडी नेसली होती आणि ती खोलीभर अशी फिरत होती की मला आमच्या लग्नातली ती आठवली. एका टेबलावर नव्या वेष्टनांचे नमुने मांडले होते, हिरवेगार, वर पान काढलेलं. माझी तर छाती फुगून आली.

कारखान्याच्या आहारतज्ज्ञ बाईंनी आधी चार शब्द सांगितले. “हा शुद्ध केलेला अर्क आहे. ठरलेल्या मर्यादेत घेतला तर सुरक्षित आहे. यात मर्यादा पाळलेली आहे. पण म्हणून कोणी घरी रोपाची पानं ओरबाडून पूड करून वाटेल तशी खाऊ नका, ती आणि हा अर्क एक नाही. याने रक्तातली साखर वाढत नाही आणि दातही किडत नाहीत.”

“दात उरलेत कुठे!” मागून एक निवृत्त शाळामास्तर म्हणाले. सगळे हसले.

“म्हणजे हवी तेवढी चालतील?” कोणीतरी विचारलं.

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. “दोन,” ती म्हणाली, “पीठ ते पीठच.”

बशा फिरल्या. प्रत्येकाला दोन बिस्किटं. पहिला घास घेतल्यावर खोलीत जो आवाज झाला ना, तो मी विसरणार नाही. किती तरी लोक एकदम ‘अहाहा’ म्हणाले. एक बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मास्तर शेजाऱ्याला म्हणाले, “अरे, हे तर खरं बिस्किट आहे!” मालकीणबाई लांबून बायकोला अंगठा दाखवत होत्या. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी माझी दोन संपवून शेजारच्याच्या बशीकडे बघत होतो.

“छान आहे.” “फार छान.” “कधी येणार बाजारात?” सगळीकडून तेच. मालकीणबाई वेष्टनांच्या टेबलाकडे गेल्या आणि छापखान्याला फोन लावायला लागल्या.

बायको मात्र हसायची थांबली होती. ती पाण्याच्या भांड्याकडे बघत होती. भांडं भरून आणलं की रिकामं होत होतं. लोक छान छान म्हणत होते आणि पाणी पीत होते. मग तिने बशा बघितल्या. बहुतेकांचं दुसरं बिस्किट तसंच होतं. कोणी रुमालात गुंडाळून ठेवलं होतं, कोणी बशीच्या कडेला सरकवलं होतं.

ती मास्तरांपाशी जाऊन बसली. “मास्तर, दुसरं का ठेवलंत?”

“पोट भरलं हो.”

“एका बिस्किटाने?”

“नातवाला नेईन म्हटलं.”

“मास्तर, खरं सांगा. मला राग येणार नाही.”

मास्तरांनी इकडे तिकडे बघितलं. भल्या माणसाची पंचाईत झाली होती. “तुम्ही एवढ्या हौसेने केलंय...” ते हळू म्हणाले. “खाताना फार सुंदर लागतं. पण मागून कडू येतं. औषधाची गोळी गिळायच्या आधी तोंडात विरघळली तर लागतं ना, तसं. जातच नाही.”

“तुम्हालाही?” तिने शेजारच्या बाईंना विचारलं. बाईंनी मान खाली घालून होकार दिला.

बायकोने बशीतलं ते दुसरं बिस्किट उचललं आणि खाल्लं. चावलं, गिळलं, थांबली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नाही. तिला कडू लागत नव्हतं. मलाही लागलं नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. इतके महिने सकाळ-संध्याकाळ आम्ही दोघं तेच खात, तेच पीत होतो. कडूपणा बिस्किटातून गेलाच नव्हता. आमच्या जिभेवरून गेला होता.

दुकानात हे मी रोज बघतो. ज्याची नजर हळूहळू कमी होत जाते त्याला ते कळत नाही. तो म्हणतो, मला स्पष्ट दिसतं, तुमचा अक्षरांचा फळाच पुसट आहे. पण ती माझी बायको होती, आणि तिच्याकडे त्या जिभेशिवाय दुसरी पदवी नव्हती. ती गप्प बसली असती तर कोणाला कळलं नसतं. लोक छान म्हणतच होते. मला वाटलं, बसावं तिने गप्प. हो, वाटलं मला.

ती उठली आणि सरळ मालकीणबाईंकडे गेली. “फोन ठेवा, मॅडम. छापू नका.”

“का? सगळे छान म्हणतायत.”

“पाहुणे आहेत ते, छानच म्हणणार. कडू आहे अजून. मला लागत नाही एवढंच.”

मालकीणबाईंना काही कळेना. “तुम्हाला लागत नाही म्हणजे? तुम्हाला लागत नाही ते कोणाला लागणार?”

“या सगळ्यांना लागतंय. माझ्या जिभेवर जाऊ नका. सवय झाली तिला.” लोक आता वळून बघत होते. तिने ते ओळखलं आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझी चूक झाली. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावते. या मात्र नक्की, आणि तेव्हा छान म्हणू नका. खरं काय ते सांगा.”

“मला बोलवा,” मास्तर म्हणाले, “मी आयुष्यभर मुलांना नापास केलंय.” पुन्हा हशा झाला, आणि माझा जीव भांड्यात पडला.

घरी येताना मी तिला काहीबाही सांगत होतो. तीच म्हणाली, “अहो, मला रडू येईल असं वाटतंय का तुम्हाला? उलट डोकं सुसाट चाललंय माझं. कडू कुठे आहे ते आता कळलं. इतके दिवस अंधारात चाचपडत होते.”

आणि खरंच ती झपाटली. घरात तिने स्वतःसाठी पानाचा अर्क बंद केला. चहा बिनगोडाचा, दूध बिनगोडाचं. चाखायला तिने बाहेरचे लोक बसवले, दर वेळी निराळे, आणि त्यांना सक्त ताकीद, एक घास नाही, पूर्ण बिस्किट, पाणी न पिता. स्वतः समोर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. रात्री जेवताना नक्कल करून दाखवायची. “बघा, कडू आलं की आधी भुवई हलते. मग जीभ टाळूला लागते. मग म्हणतात छान.” अर्क निम्म्यावर आणला. त्याच पानातला कमी कडू असलेला भाग वेगळा मागवला. आम्ही दोघं हसून हसून बेजार व्हायचो. इतकी खुशीत मी तिला फार दिवसांनी बघत होतो. पण मधेच ती एखादं जुनं बिस्किट तोडून तोंडात टाकायची, थांबायची, आणि मान हलवून उरलेलं डब्यात टाकायची. मी विचारायचो नाही.

असे काही आठवडे गेले. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि आतून हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

“अहो! अहो, इकडे या!”

मी अर्ध्या दाढीनिशी धावलो. ती ओट्यापाशी उभी होती, हातात अर्धं खाल्लेलं जुनं बिस्किट, आणि तोंड असं वाकडं केलेलं की मला वाटलं काही विषारी खाल्लं हिने.

“कडू आहे!” ती म्हणाली. “कडू आहे हो! ईऽऽ, किती कडू! घशापर्यंत!” डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. “आली परत! हे मी पास केलं होतं? हे? तुम्ही खात कसं होतात?”

तिने ते अर्धं बिस्किट माझ्या तोंडात कोंबलं. “बघा ना! कडू आहे ना?”

मी चावलं, गिळलं, थांबलो. माझी रोजची दोन बिस्किटं काही बंद झाली नव्हती. मला ते गोड लागलं, पुढूनही आणि मागूनही.

ती वाट बघत होती, ओल्या डोळ्यांनी, लहान मुलीसारखी उतावीळ. आणि मी आधीच सांगितलं, त्या जिभेसमोर खोटं बोलायची सोय नव्हती.

“मला गोडच लागतंय गं,” मी म्हणालो.

मग तिने पदराने माझ्या गालावरचा साबण पुसला. “खा मग,” ती म्हणाली, आणि मालकीणबाईंना फोन करायला बाहेर पळाली. बाहेरून तिचा आवाज येत होता, “मॅडम, कडू लागलं! हो, मला! मला लागलं!” मी ओट्यापाशी उभा राहून तोंडातला घास सावकाश संपवला. इतके महिने आम्ही दोघं मिळून खात होतो, ते आता मला एकट्यालाच गोड लागत होतं.