केशरबाईंची साडी आणि जपानचे तलवारवाले

मी एक जुनी पांढरी साडी आहे. सुती, बिनकाठाची, कल्याणच्या बाजारातली. मित्रांनो, मला हसू येत नाही की रडू येत नाही. कापडाला काय वाटायचं? तरी सांगते.

विठ्ठलवाडीच्या चाळीत राहणाऱ्या केशरबाईंनी मला बुद्धपौर्णिमेसाठी घेतलं. मला नेसून त्या विहारात जायच्या. त्यांचे यजमान आबा कारखान्यात लेथवर होते. त्यांना एकच वेड होतं, जपानचे जुने, काळे-पांढरे सामुराई सिनेमे. सामुराई म्हणजे तिकडचे तलवारबहाद्दर. रिटायर झाल्यावर आबांनी जुना प्रोजेक्टर आणला. पडदा कुठला असणार? केशरबाईंनी मलाच दोरीवर टाकलं.

पहिला खेळ पौर्णिमेच्या संध्याकाळी झाला. आबांनी विहाराच्या फळ्यावर लिहिलं, 'बौद्ध देश जपानचा सिनेमा'. झालं! सगळी चाळ पांढरे कपडे घालून, मेणबत्त्या घेऊन हजर. आणि माझ्यावर निघाल्या तलवारी.

"ओ आबा, ह्यात बुद्ध कधी येणार?" शेजारच्या विमलाबाईंनी विचारलं.

"मारामारी नका बघू. त्याच्याआधी तो सामुराई उभा कसा राहतो ते बघा," आबा म्हणाले.

मी सिनेमा कधी पाहिलाच नाही. तो माझ्या अंगावर असायचा, नुसता जाणवायचा; मला दिसायचे ते समोरचे चेहरे. म्हातारा सामुराई गवतात नुसता उभा राहिला आणि पन्नास माणसं गप्प झाली. वाऱ्याने मी हलले की त्याचं गवतही हलायचं. शेवटी त्याने तलवार म्यानातून काढलीच नाही. एका शेतकऱ्याच्या दाराला टेकवून तो निघून गेला.

"विमल, बुद्ध आत्ता येऊन गेले बघ," केशरबाई म्हणाल्या.

मग दर पौर्णिमेला खेळ होऊ लागला. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि प्रेक्षक दोनच उरले. गेल्या वर्षी केशरबाई गेल्या. आबा रडले नाहीत, बोलायचेच थांबले. लेक माया त्यांना आंबिवलीला आपल्या घरी घेऊन गेली. जेवा म्हटलं की ते जेवत, झोपा म्हटलं की झोपत.

सामान लावताना जावई कमलेशच्या हाती मी लागले.

"माया, ही फाडू काय? लादी पुसायला होईल."

खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली.

"अरे, आईची साडी आहे ती! आबांचा पडदा."

रविवारी दुपारी मायाने खिडक्या झाकल्या, मला टांगलं आणि प्रोजेक्टरवर आबांच्या पेटीतला एक सिनेमा लावला. आबांचा चेहरा कोरा होता. दोन सामुराई समोरासमोर उभे राहिले, कितीतरी वेळ.

"हे मारत का नाहीयेत?" कमलेश म्हणाला.

"गप्प बसा हो. अंगठा बघा त्याचा. तलवार सरकवतोय."

आबा बोलले होते. मायाने तोंडावर हात ठेवला. मग आबा उठले, माझ्यापाशी आले आणि माझ्यात तोंड खुपसून रडले. अर्धा सिनेमा त्यांच्या पाठीवर चालला होता. कुणी 'बाजूला व्हा' म्हणालं नाही.

मित्रांनो, जुनं कापड फाडण्याआधी घरात एकदा विचारत जा. मायाने मला अजून धुतलेलं नाही. इतक्यात धुऊही नये.